क्वीअर कवितेतलं घर: हाकललेले आणि डांबलेले

नदीकाठ
आमच्या वाचनगटात पुढच्या महिन्यात क्वीअर (समलिंगी, पारलिंगी वगैरे माणसांच्या) कवितांची एक संध्याकाळ आहे. कविता मागवल्या, ढीगभर आल्या. बहुतेक विशीतल्या मुलामुलींच्या, काही अनुवाद. वाचून झाल्यावर जे खटकलं ते मांडते.

निम्म्याहून अधिक कवितांत एक बाप आहे, एक दार आहे, एक पिशवी आहे. पाऊस तर हमखास. बाप दार उघडतो, पोराला बाहेर काढतो, आई ओट्यापाशी उभी असते. कविता तिथे संपते. लिहिणाऱ्यांच्या दुःखाबद्दल मला शंका नाही, पण पंधरावी कविता वाचताना तो बाप माणूस न राहता नेपथ्य होतो.

दुसरं म्हणजे, हाकलण्याचं कारण नीट पाहिलं तर ते प्रेम नसतंच. कोण कुणावर प्रेम करतं हे घराला फार उशिरा कळतं. आधी दिसते ती चाल. मग नखं, केस, हसताना तोंडावर जाणारा हात. घराचा खरा हुकूम 'असा असू नकोस' हा नसून 'असा दिसू नकोस' हा आहे, आणि तो रोज सकाळी आंघोळीनंतर नव्याने निघतो. त्याच्या कविता कुठे आहेत? घरात ठेवून नाकारण्याच्या? जुन्या मराठीत काही सापडतं का? सुचवा.

ओलसर माचिस
पाऊस हमखास हे पटलं. मराठी कवीला घराबाहेर काढायचं तर मृगाचा मुहूर्त लागतो, मे महिन्यात कोण काढणार! (हलके घ्या.) बाकी जाणकारांच्या प्रतीक्षेत.

मास्तर निवृत्त
जुन्याबद्दल विचारलंत म्हणून लिहितो. नाथांचं 'सत्वर पाव गे मला, भवानी आई रोडगा वाहीन तुला' बहुतेकांना पाठ असतं, पण कान देऊन ऐका. बोलणारी सासुरवाशीण, लिहिणारा पुरुष. घरातल्या एकेकाची वासलात लावायचा नवस ती बोलते आणि शेवटी 'एका जनार्दनी सगळेचि जाऊ दे, एकटीच राहू दे मला'. इथे घर तिला नाकारत नाही, तीच घराला नाकारते.

आमच्या भागात भारूड करणारे सोंगाडे लुगडं नेसून, कपाळभर कुंकू लावून हे म्हणायचे. त्यांचे सख्खे भाऊ पहिल्या रांगेत बसून पोट धरून हसायचे. तोच माणूस दुसऱ्या दिवशी तशाच ठुमक्यात पिठाच्या गिरणीवर गेला असता तर याच भावांनी त्याला परड्यात नेऊन बडवला असता. जनाबाई 'डोईचा पदर आला खांद्यावरी, भरल्या बाजारी जाईन मी' म्हणते. सोंगाड्याला पदर मिळतो पण बाजार मिळत नाही. तुमच्या 'दिसू नकोस'ला मी एवढंच जोडीन की कुठे दिसायचं याचा परवाना आपल्याकडे फार जुना आहे: देवळासमोर, फडावर, नाटकात. बालगंधर्वांच्या साड्यांची नक्कल घरंदाज बायकांनी केली. त्यांच्या घरच्या मुलाने केली असती तर?

अनुष्टुभ्
मास्तर, आदर राखून असहमत. रोडग्यातले सासू-सासरे म्हणजे विकार, हे शाळकरी पोरही सांगेल. गौळणी आणि विराण्या आध्यात्मिक रूपकं आहेत. प्रत्येक अभंगावर इंद्रधनुष्याचा स्टिकर चिकटवायची आजकाल फॅशन आहे.

धागाकर्तीला: तुमच्या ढिगातल्या कविता एकसुरी वाटतात कारण त्या मुक्तछंदातले निबंध आहेत. दुःख खरं असल्याने ओळ आपोआप चांगली होत नाही.

मास्तर निवृत्त
रूपक आहे हे मान्यच. पण रूपकाला अंग लागतं आणि ते अंग बाईचं निवडलंय. ज्ञानोबा विरहिणी होतात, नाथ गौळण होतात, आणि ते ऐकताना कुणाचा धर्म बुडत नाही. मी कुणाला संतांचं प्रमाणपत्र मिळवून देत नाही. वही आणि ओसरी यांच्यातलं अंतर तेवढं दाखवतोय.

थालीपीठ
'वही आणि ओसरी' +१. मास्तर, दंडवत.

गडहिंग्लजकर
मास्तर, देवळासमोरचा परवाना फुकट मिळत नाही. आमच्या सीमाभागात जोगते आहेत. मुलगा बायकी वागतो, केसांत जट आली, की 'यल्लम्मानं मागितलाय' म्हणतात आणि सौंदत्तीला नेऊन गळ्यात मोती बांधतात. झालं, आता तो साडी नेसू शकतो, डोक्यावर देवीचा जग (देवीची मूर्ती ठेवलेली टोपली) घेऊन दारोदार जोगवा मागू शकतो. घरच्यांनी हाकललं का? नाही. ठेवलं का? तेही नाही. देवीला देऊन टाकलं. बदल्यात गावात पाया पडतात. आणि सणाला सगळे जेवत असताना जोगत्याचं ताट उंबऱ्यापाशी वाढलेलं मी पाहिलंय.

कायदे झाले. कर्नाटकात १९८२ चा, आपल्याकडे २००५ चा. मोती बांधणं चोरून चालतं. पण चौंडकं वाजवत ते जी गाणी म्हणतात त्यात रेणुका आहे, परशुराम आहे. आईचा गळा चिरणारा मुलगा आणि बापाच्या हुकमाखालचं घर. घरातल्या हिंसेवरचं काव्य शोधताय ना, ते आधीच गायलं जातंय. फक्त त्याला कुणी क्वीअर कविता म्हणत नाही आणि गाणाऱ्यालाही तशी गरज पडलेली नाही.

नदीकाठ
गडहिंग्लजकर, हे डोक्यातच आलं नव्हतं. एखाद्या जोगत्याला बोलावून गाणं ठेवता येईल का, असा विचार करतेय.

गडहिंग्लजकर
बोलवा, पण मानधन आधी ठरवा आणि 'लोककला' म्हणून चहापानाच्या वेळी ठेवू नका. कवितांच्या मधे ठेवा.

कमळी मुंबईची
बराच वेळ वाचत होते, आता लिहिते. मी तृतीयपंथी आहे. दाराची कविता मीही लिहिली होती, एकोणिसाव्या वर्षी. सगळ्यांनी लिहावी, हरकत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. कविता दाराशी संपते, पण माणूस तिथे संपत नाही. त्या रात्री झोपली कुठे? कुणाच्या पांघरुणात? सकाळी पहिला चहा कुणी दिला? ते लिहा की.

मला आमच्या तृतीयपंथी समाजातल्या गुरूनं ठेवून घेतलं. गुरू, गुरुभाऊ, नानगुरू (गुरूचा गुरू), अख्खं गोत मिळालं. कित्येकींच्या कागदपत्रांवर बापाच्या रकान्यात गुरूचं नाव असतं. पण त्या घरालाही नियम आहेत. केस कापलेस, दंड भर. पँट घालून बाजारात दिसलीस, दंड भर. एका घरानं केस वाढवले म्हणून मारलं, दुसऱ्यानं कापले म्हणून पंचायत बसवली. दोन्हीकडे माझ्या डोक्यावर दुसऱ्यांचंच लक्ष. आमच्यात यावर बोललेलं चालत नाही, बाहेरच्यांना दात दिसतात म्हणून. म्हणून तर कवितेत यायला हवं.

मराठीत दिशा पिंकी शेख यांचा 'कुरूप' हा कवितासंग्रह वाचा. त्यांना मंचावर ऐकलंत तर कळेल की भांडण एका बापाशी नाही, बघणाऱ्या अख्ख्या समाजाशी आहे. आणि उलट उदाहरण हवं असेल तर लक्ष्मी त्रिपाठींचं २०१२ चं आत्मकथन. त्यात आईवडील पाठ फिरवत नाहीत. अशी घरंही असतात. कवितेत का येत नाहीत कुणास ठाऊक, बहुतेक बरं चाललेल्या घरात यमक सापडत नाही.

ओलसर माचिस
'बरं चाललेल्या घरात यमक सापडत नाही'... ताई, हे मी चोरणार.

कमळी मुंबईची
चोर, दंड पाठव.

रुमालवाला
मूळ प्रश्नाकडे येतो. जन्माने मुलगी म्हणून वाढवला गेलो, आता जो आहे तो आहे. माझ्यासारख्यांना घर हाकलत नाही, दाराला बाहेरून कडी लावतं. मुलगा बायकी वागला की इज्जत बाहेर घालवायची असते, मुलगी मर्दानी वागली की इज्जत आत कोंडायची.

वेळापत्रकही उलटं. शर्टपँट, बॉयकट, क्रिकेट, बाराव्या वर्षापर्यंत सगळ्यांना कौतुक. 'आमचा मुलगाच आहे हा' असं आजोबा पाहुण्यांना सांगायचे. मग एक दिवस स्थळांची भाषा सुरू होते आणि तोच शर्ट गुन्हा होतो. शर्ट जुनाच, धुऊन वाळत घातलेला.

मला सगळ्यात जवळची वाटणारी 'कविता' कवीने लिहिलेलीच नाही. वर्तमानपत्रातली हरवल्याची जाहिरात. रंग गव्हाळ, बांधा मध्यम, अंगात गुलाबी पंजाबी ड्रेस, कानात रिंगा. मी निघालो तेव्हा जीन्स होती आणि कान मोकळे. फोटो छापला तो मावसबहिणीच्या लग्नातला, पैठणी नेसवलेला. त्या जाहिरातीवरून मला कुणीच ओळखलं नसतं, आणि खरोखर ओळखलं नाही. बसस्टँडवर शेजारी बसलेले काका तेच पान वाचत होते.

नदीकाठ
रुमालवाला, हे असंच्या असं वाचायची परवानगी द्याल का?

रुमालवाला
वाचा. नाव नको.

ताम्हण
कायद्याच्या बाजूने भर घालते, कारण रुमालवाल्यांनी म्हटलेली कडी कागदावरही आहे. २०१९ च्या तृतीयपंथी व्यक्ती कायद्याचं कलम १२ म्हणतं की मूल तृतीयपंथी आहे म्हणून त्याला आईबापांपासून वेगळं करता येणार नाही, अपवाद फक्त न्यायालयाच्या आदेशाचा. वाचायला फार प्रेमळ वाटतं. आणि घरच्यांना सांभाळणं जमत नसेल तर? न्यायालयाने पुनर्वसन केंद्रात पाठवायचं. म्हणजे जन्मघर, नाहीतर केंद्र. कमळीताईंनी लिहिलेलं तिसरं घर कायद्याला दिसतच नाही. विधेयक आलं तेव्हापासून समाजातून यावर ओरड आहे.

दुसरं, २०२१ चा मद्रास उच्च न्यायालयाचा सुषमा खटला. मदुराईच्या दोघी घर सोडून चेन्नईला आल्या, दोन्हीकडच्या आईबापांनी मुली हरवल्याच्या तक्रारी दिल्या, पोलीस दारात. न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांनी आदेश देण्याआधी स्वतः समुपदेशकाबरोबर बसून विषय समजून घेतला आणि तसं निकालपत्रात लिहिलं. सज्ञान जोडपं स्वखुशीने एकत्र आहे असं दिसलं तर पोलिसांनी त्रास न देता ती तक्रार बंद करावी, असं सांगितलं.

अनुष्टुभ्
धागा कवितेचा आहे ना? दोन प्रतिसादांत कलमावर आलो.

ओलसर माचिस
अनुष्टुभराव, कलम काय नि लेखणी काय, एकच. (पळतो.)

नाशिकची आई
मी वेगळं बोलणार आहे, रागवू नका. माझा मुलगा असाच आहे. मी त्याला हाकललं नाही, मारलं नाही. धाकट्या मुलीच्या साखरपुड्याला येताना नथ आणि काजळ नको, एवढं सांगितलं. तो आला नाही. आता त्याने कविता लिहिली आहे आणि त्यात मी ओट्यापाशी उभी आहे. कुणी विचारलं का, ओट्यापाशी उभी असलेली बाई काय करत होती? पन्नास माणसांचा स्वयंपाक करत होती. व्याह्यांकडच्यांना काय सांगायचं ते जुळवत होती. तुमच्या सगळ्या कवितांत आई गप्प. आईला बोलायला लावलं तर कविता बिघडेल अशी भीती आहे का?

रुमालवाला
काकू, रागवत नाही. पण 'एवढं सांगितलं' यातलं 'एवढं' म्हणजेच हा अख्खा धागा आहे. त्याला यायचं आमंत्रण होतं, फक्त त्याच्या तोंडाला नव्हतं.

नाशिकची आई
असेल. पण धाकटीचं लग्न मोडलं असतं तर तिची कविता कुणी लिहिली असती?

थालीपीठ
काकूंचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. आईच्या तोंडून लिहिलेली कविता आहे. मल्याळममध्ये विजयराजमल्लिका नावाच्या पारलिंगी कवयित्री आहेत, 'दैवत्तिन्ते मकळ' म्हणजे 'देवाची मुलगी' हा त्यांचा २०१८ चा संग्रह. त्यांनी एक अंगाईगीत लिहिलंय, स्त्री-पुरुष कुठल्याच चौकटीत न बसणाऱ्या देहाने जन्मलेल्या बाळासाठी. तू मुलगा नाहीस, मुलगी नाहीस, माझ्या डोळ्यातली बाहुली आहेस, असं आई गाते. आपल्या बहुतेक कविता पंधराव्या वर्षी सुरू होतात, ही पाळण्यापासून सुरू होते. आणि चाल आहे, मुक्तछंद नाही, म्हणजे अनुष्टुभ् यांचीही सोय झाली.

अनुष्टुभ्
सोय झाली, आभारी आहे. आणि केवळ विरोधासाठी विरोध करत नाही हे दाखवायला माझ्याकडूनही एक. प्रोव्हान्समधला ज्यू कवी कलोनिमस बेन कलोनिमस, १३२२ च्या सुमाराचा हिब्रू ग्रंथ, 'एवेन बोहान'. त्यात तो बाईचा जन्म मिळाला असता तर किती बरं होतं असं लिहितो. बायकांत बसून सूत कातलं असतं, गप्पा मारल्या असत्या. आणि बापाला 'मुलगा झाला' ही बातमी देणाऱ्याला शाप देतो! अभ्यासकांत अजून वाद आहे की हे खरं दुःख की पुरुषांवर लादलेल्या कर्मकांडाची थट्टा. सातशे वर्षांनीही निकाल लागत नाही, म्हणून मी म्हणतो की लेखकाच्या आत काय होतं हे ओळींवरून ठरवायला जाऊ नये.

मास्तर निवृत्त
मग रोडग्याचाही निकाल राखून ठेवा की.

अनुष्टुभ्
ठेवला.

सातासमुद्रा
चिलीचा लेखक पेद्रो लेमेबेल, त्याचं नाव अजून आलं नाही? १९८६, पिनोशेची हुकूमशाही, सांतियागोत डाव्यांची सभा. हा उंच टाचांचे बूट घालून, चेहऱ्यावर कोयता-हातोडा रंगवून उभा राहिला आणि 'मी माझ्या वेगळेपणासाठी बोलतोय' असा जाहीरनामा वाचला. घराने नाकारलं हे एक, पण आपलं म्हणवणाऱ्या कॉम्रेडांनाही बायकी माणूस चालत नव्हता, त्यांच्या तोंडावर वाचला. शेवटी पंख मोडका घेऊन जन्मणाऱ्या पोरांसाठी लाल आभाळाचा तुकडा मागतो.

या माणसाने बापाचं मार्दोनेस आडनाव टाकून आईचं माहेरचं लेमेबेल लावलं. घर सोडलं नाही, घरातली बाजू निवडली. नाशिकच्या काकूंना हे आवडावं.

नाशिकची आई
माझ्या माहेरचं आडनाव त्याला ठाऊक तरी आहे का, विचारते.

नवखा_१
पहिल्यांदाच लिहितोय. नदीकाठ, तुमच्या ढिगात माझीही एक होती, पाऊसवाली. हा धागा वाचून दुसरी लिहिली.

अल्बम

तिसऱ्या वर्षी आईनेच घातलं
परकर-पोलकं, काजळाची तीट, आजीची ठुशी.
फोटोवाल्याने मान जरा कलती करायला सांगितली.
फोटो अजून दिवाणखान्यात आहे.
पाहुणे म्हणतात, अगदी मुलगीच!
घर हसतं.

तेराव्या वर्षी तेच मी
माझ्या हाताने.
बाबांनी आधी दार लावलं
मग खिडकी
मग टीव्हीचा आवाज वाढवला.

फोटो अजून दिवाणखान्यात आहे.
मला कळत नाही हे कसलं घर
ज्याला माझं प्रतिबिंब हवं आणि मी नको.

कमळी मुंबईची
टीव्हीचा आवाज. देवा. आमच्याकडे मिक्सर लावायचे.

अनुष्टुभ्
चांगली आहे, हे आधी सांगतो. शेवटच्या दोन ओळी काढा. टीव्हीचा आवाज वाढला तिथे सगळं सांगून झालं आहे, पुढे तुम्ही आम्हाला समजावत बसता. 'प्रतिबिंब' हा शब्द तर कुठल्याही कवितेत आयता येऊन बसतो.

थालीपीठ
असहमत. शेवटी मुलगा एकदातरी स्वतःच्या तोंडाने बोलतोय. ते काढलं तर उरतो फक्त मार.

रुमालवाला
बोलू द्या, पण ते वाक्य त्याचं नाही, भाषणातलं आहे. फोटोची ओळ दुसऱ्यांदा आली तिथे थांबावं.

मास्तर निवृत्त
मला प्रश्न आईचा पडला. परकर शिवला कुणी? तिसऱ्या वर्षीचा पोलक्याचा शिंपी आणि तेराव्या वर्षीचा, एकच का? मुलाने कुणाचा परकर घातला, बहिणीचा? ते सांगितलंत तर घरात अजून एक माणूस उभं राहील.

नवखा_१
मास्तर, बहिणीचाच होता. तिने दिला होता. नंतर विचारल्यावर 'मला माहीत नाही' म्हणाली. शेवटच्या दोन ओळी काढतो आणि बहिणीला आत घेतो. थोडा वेळ द्या.

नाशिकची आई
बहिणीला फार वाईट दाखवू नकोस रे. तिलाही त्याच घरात राहायचं होतं.

नदीकाठ
तर सध्याचा बेत असा. सुरुवात जोगत्यांच्या गाण्याने, मानधन ठरवूनच. मग 'अल्बम', नवी आवृत्ती आली तर. रुमालवाल्यांची जाहिरात एक जण बातमीच्या सुरात वाचेल, अभिनय न करता. अंगाईगीताचा अनुवाद शोधतेय, कुणी मल्याळम जाणणारं असेल तर निरोप करा. दारावरच्या कवितांपैकी दोनच ठेवते. वगळलेल्यांना स्वतः फोन करून सांगेन, कारण त्यांतल्या दोघांनी 'घरून नकार आला, आता तुमचा नको' असं आधीच लिहून ठेवलंय.

कमळी मुंबईची
त्या दोघांना माझ्याकडे पाठव. कविता राहू दे, जेवायला पाठव.

ओलसर माचिस
आणि रोडगा कोण म्हणणार? मास्तर, लुगडं आहे का?

मास्तर निवृत्त
सौभाग्यवतींना विचारतो. नऊवारी मिळेल म्हणतात, पण परत देताना इस्त्री करून हवी.